बोटीच्या बुडाला रंग कोणता?

ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांवरून अनवाणी चालण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना समुद्रातल्या चिकटणाऱ्या जीवांची वेगळी ओळख करून द्यायला नको. खडकाला घट्ट बसलेले आणि पाय कापणारे पांढुरके, धारदार शंकू म्हणजे बार्नॅकल. त्यांच्या शेजारी कालवे, शिनाणे, चुनखडीच्या नळीत राहणारे कृमी आणि शेवाळ यांची दाटी असते. बसायला कठीण पृष्ठभाग मिळणे ही या सगळ्यांची मोठी अडचण. समुद्राच्या तळाचा बराचसा भाग वाळू-चिखलाचा असल्यामुळे कठीण जागा थोडी आणि उमेदवार फार, अशी स्थिती असते. त्यात एखादी नवी बोट पाण्यात उतरली, की तिचे बूड म्हणजे या जीवांना मिळालेला रिकामा भूखंडच होय.

ही वस्ती बोटीला महाग पडते. बुडाचा गुळगुळीतपणा गेला की पाण्याचा रोध वाढतो. अमेरिकेच्या एका लढाऊ जहाजाच्या बुडासाठी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, कवचधारी जीवांचा दाट थर असेल तर तोच वेग राखण्यासाठी लागणारी शक्ती ८६ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. नुसत्या बुळबुळीत थरानेही दहा-वीस टक्के फरक पडतो. हौशी लोकांच्या लहान शिडाच्या बोटीत इंधनाचा प्रश्न गौण असेल, पण वारा असूनही बोट हलत नाही आणि सुकाणू जड होते.

यावरचा उपाय म्हणजे बुडाला लावायचा जीवरोधक रंग. मोठ्या जहाजांसाठी तो कोणता घ्यायचा हे तज्ज्ञ ठरवतात. लहान बोटीच्या बाबतीत मात्र मालक स्वतःच डबा विकत आणतो आणि स्वतःच रंग लावतो. त्याच्या या साध्या कामात शाळा-कनिष्ठ महाविद्यालयातले रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि अंकगणित एकत्र येते, म्हणून आपण लहान बोटीचेच उदाहरण घेऊ.

थर कसा चढतो?

स्वच्छ पृष्ठभाग समुद्राच्या पाण्यात बुडवला की काही मिनिटांतच पाण्यातील प्रथिने आणि इतर सेंद्रिय रेणू त्यावर बसतात. काही तासांत जीवाणू येतात व चिकट द्रव स्रवून आपली जागा पक्की करतात. पाठोपाठ करंडक वनस्पती येतात, आणि हाताला बुळबुळीत लागणारा थर तयार होतो. पुढच्या काही दिवसांत शेवाळाची बीजाणूके व प्राण्यांची डिंभे उतरू लागतात. हा क्रम अगदी काटेकोर नसतो. बार्नॅकलचे डिंभ संधी मिळाल्यास लवकरही येते.

बार्नॅकलचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. कवचावरून हा प्राणी शंख-शिंपल्यांच्या गोतातला वाटतो, आणि पूर्वीच्या अभ्यासकांनी त्याला मृदुकाय प्राण्यांतच घातले होते. १८३० साली जे. व्ही. थॉम्पसन यांनी त्याच्या डिंभावस्था पाहून तो खेकडे-कोळंबीच्या वर्गातला असल्याचे दाखवले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४६ पासून आठ वर्षे या एकाच गटाच्या अभ्यासाला दिली. या प्राण्याच्या डिंभाची शेवटची अवस्था काहीही खात नाही. तिचे काम एकच : जागा शोधणे. पुढच्या स्पर्शिकांनी ती पृष्ठभागावर जणू पावले टाकत चालते, चाचपून पाहते, पसंत पडले तर सिमेंटसारखा पदार्थ स्रवून डोक्याच्या बाजूने कायमची चिकटते. एकदा चिकटली की तिला हलवणे कठीण. म्हणून रंगाचे काम या चाचपणीच्या वेळीच व्हावे लागते.

तांब्याचा पत्रा आणि डेव्ही यांचा पेच

लाकडी जहाजांना आणखी एक शत्रू होता. तो म्हणजे लाकूड पोखरणारा, कृमीसारखा दिसणारा पण खरे तर शिंपल्यांच्या जातीचा टेरेडो. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत त्याच्या जहाजांची या प्राण्याने चाळण केली आणि १५०३ साली त्याला जमैकाच्या किनाऱ्यावर अडकून पडावे लागले.

ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. वेस्ट इंडीजची सफर करून जहाज परतले तेव्हा तांब्याखालचे लाकूड सुरक्षित होते, जीवही फारसे चिकटले नव्हते. पण लोखंडी खिळे खाऊन गेले होते. जिथे पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये वेष्टनाचा कागद चुकून राहिला होता, तिथले लोखंड मात्र शाबूत होते. तांबे, लोखंड आणि खारे पाणी मिळून विद्युतघट तयार होतो आणि त्यात लोखंड झिजते, हे आज दहावीचा विद्यार्थीही सांगेल. व्होल्टाचा घट तेव्हा अजून जवळजवळ चाळीस वर्षे दूर होता!

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तांब्याचा पत्राही समुद्रात हळूहळू झिजतो. ही झीज थांबवण्याचे काम नौदलाने सर हंफ्री डेव्ही यांच्याकडे सोपवले. डेव्ही यांनी १८२४ साली दाखवून दिले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. तर्क बिनचूक होता आणि प्रयोगही यशस्वी झाला. तांबे वाचले, आणि बुडावर बार्नॅकल व शेवाळ यांची गर्दी झाली! नौदलाला ही योजना सोडून द्यावी लागली. तुकडा जोडून धातूचे संरक्षण करण्याची डेव्ही यांची युक्ती मात्र आज जगभर जहाजे आणि नळवाहिन्या यांच्यासाठी वापरली जाते.

या अपयशातून जीवरोधक रंगाचे मूळ तत्त्व हाती लागते. जीवांना दूर ठेवते ते पत्र्यातले तांबे नसून पत्र्यातून सुटून पाण्यात जाणारे तांबे. झिजते म्हणूनच ते राखते. उत्तम रंग म्हणजे योग्य गतीने झिजणारा रंग, असे म्हणता येईल.

पत्र्याकडून रंगाकडे

जहाजे लोखंडाची होऊ लागली तेव्हा तांब्याचा पत्रा बाद झाला. कारण ‘अलार्म’च्या खिळ्यांचे जे झाले तेच साऱ्या जहाजाचे झाले असते. मग तांब्याची संयुगे रंगात मिसळण्याची कल्पना पुढे आली. आजही बहुतेक रंगांत क्युप्रस ऑक्साइड ही लालसर भुकटी असते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड आयनांच्या मदतीने ती सावकाश विरघळते, सुटलेले तांबे प्राणवायूमुळे क्युप्रिक अवस्थेत जाते, आणि हे क्युप्रिक आयन डिंभांना व बीजाणूकांना मारक ठरतात. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बार्नॅकल रोखण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरमागे रोज सुमारे १० मायक्रोग्रॅम तांबे सुटावे लागते, असा आकडा दिला आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

भुकटी कशात बांधली आहे त्यावरून रंगाचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार कठीण रंगाचा. यात बांधणारे राळ-द्रव्य पाण्यात विरघळत नाही. भुकटीचे कण इतके दाटीने भरलेले असतात की ते एकमेकांना टेकतात. वरचा कण विरघळला की त्याच्या जागी पोकळी राहते आणि पाणी खालच्या कणापर्यंत पोचते. शेवटी मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखा सांगाडा उरतो. सुरुवातीला तांबे भरपूर सुटते, मग पाण्याची वाट लांबत जाते तसे कमी कमी होते. हा रंग घासता येतो, म्हणून वेगवान आणि शर्यतीच्या बोटींना सोयीचा. दरवर्षी नवा थर चढवल्याने जुने सांगाडे साचत जातात आणि केव्हातरी सगळे खरवडून काढावे लागतात, हा त्याचा दोष.

दुसरा प्रकार झिजणाऱ्या रंगाचा. यात पाइन वृक्षापासून मिळणारी राळ असते. ही राळ आम्लधर्मी, तर समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी; त्यामुळे ती हळूहळू विरघळते आणि भुकटीसह थर उतरत जातो. पारंपरिक राळेचा रंग हवेत फार दिवस राहिला तर ऑक्सिडीभवनाने बिघडतो, म्हणून तो लावल्यावर बोट ठरलेल्या मुदतीत पाण्यात जायला हवी.

तिसऱ्या प्रकाराला स्वतःच घासला जाणारा रंग म्हणतात. यातील बहुवारिकाच्या साखळीला तांबे किंवा सिलिकॉन असलेले गट बाजूने जोडलेले असतात. समुद्राच्या पाण्याशी जलीय विच्छेदन होऊन हे गट तुटतात. मग वरचा अतिशय पातळ पापुद्रा विद्राव्य होऊन वाहून जातो व खालचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. साबणाची वडी झिजत गेली तरी साबणच राहते, तसेच हे आहे. त्यामुळे तांबे सुटण्याची गती जवळजवळ स्थिर राहते.

चौथा प्रकार निराळाच आहे. सिलिकोनच्या लेपात विष मुळीच नसले तरी चालते. त्याचा पृष्ठभाग इतका निसरडा असतो, की जीव बसले तरी घट्ट चिकटत नाहीत आणि बोट वेगाने गेली की सुटून पडतात. मात्र जी बोट सहा दिवस बांधलेली असते आणि रविवारी मंदगतीने फिरते, तिला हा लेप फारसा उपयोगी नाही. तो मऊ असल्याने ओरखडेही लवकर पडतात.

निवड कशी करावी?

रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी मालकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

बोट पाण्यात राहते का? प्रत्येक वेळी फिरून झाल्यावर गाडीवर चढवून घरी नेली जाणारी बोट धुऊन वाळवली तरी पुरते. तिला विषारी रंगाची गरज नाही.

पाणी कोणते? समुद्रातले बार्नॅकल गोड्या पाण्यात जगत नाहीत. खडकवासल्यासारख्या जलाशयातल्या बोटीचा त्रास मुख्यतः शेवाळ व बुळबुळीत थर यांचा. तो ब्रशाने निघतो. याउलट आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या खाऱ्या पाण्यात वर्षभर डिंभे असतात, त्यामुळे थंड देशात दोन हंगाम टिकलेला रंग इथेही तितकाच टिकेल असे समजू नये.

बोट किती चालते? बहुतेक वेळ उभ्या असलेल्या बोटीला झिजण्यासाठी प्रवाहावर अवलंबून असलेला रंग कमी मानवतो. फार वेगवान बोटीवर मऊ रंग लवकर उतरतो.

बोट कशाची? लाकूड व काचतंतूंच्या बोटींना तांब्याच्या रंगाने गंज चढण्याची भीती नाही. पोलादी बोटीला तांब्याचा रंग आणि धातू यांच्यामध्ये एपॉक्सीचा अखंड थर लागतो. ॲल्युमिनियमच्या बोटीला क्युप्रस ऑक्साइडचा रंग लावूच नये. विद्युत-रासायनिक श्रेणीत दोन्ही धातूंमध्ये मोठे अंतर असल्याने एखादा ओरखडासुद्धा बुडाला भोक पाडायला पुरेसा होतो. अशा बोटींसाठी तांब्याविना किंवा क्युप्रस थायोसायनेट असलेले रंग मिळतात.

जुना रंग कोणता? कठीण रंगावर झिजणारा रंग चालतो. पण झिजणाऱ्या मऊ रंगावर कठीण रंग लावणे म्हणजे भुसभुशीत मातीवर फरशी बसवणे. खालचा थर सुटला की वरचाही पडतो.

लावण्याची रीत

बोट वर काढल्यावर लगेच, थर ओला असतानाच, बूड धुऊन घ्यावे. वाळलेले बार्नॅकल काढायला दुप्पट श्रम पडतात. जुना रंग पाणी लावूनच घासावा. कोरडा घासला तर तांब्याची विषारी धूळ नाकातोंडात जाते आणि जमिनीवर पसरते. खाली ताडपत्री अंथरून पडलेला चुरा गोळा करावा. हातमोजे, चष्मा व योग्य गाळणीचा मुखवटा यांत हयगय करू नये.

रंगाचा डबा तळापासून नीट ढवळावा. क्युप्रस ऑक्साइडची घनता पाण्याच्या सुमारे सहा पट असते, त्यामुळे भुकटी तळाशी बसते. न ढवळता वरवरचा रंग लावणारा माणूस अर्ध्या बोटीला विषाविना रंग लावतो आणि मग कारखान्याला दोष देतो. पातळ करण्यासाठी मनाने द्रावक घालू नये. ओलसर हवेत पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, नाहीतर न दिसणाऱ्या दवावर रंग बसतो आणि पापुद्रे सुटतात.

पहिला हात एका रंगाचा आणि वरचे दोन दुसऱ्या रंगाचे द्यावेत, ही जुनी आणि उत्तम युक्ती. वरचा रंग झिजून खालचा दिसू लागला की पुन्हा रंगवायची वेळ आली. पाण्याच्या रेषेजवळ, पुढच्या धारेवर आणि सुकाणूच्या कडांवर झीज जास्त होते, तिथे एक हात अधिक द्यावा. संरक्षणासाठी जोडलेल्या जस्ताच्या तुकड्यांना मात्र रंग लावू नये; रंगाखाली झाकलेले जस्त झिजत नाही, आणि झिजणार नाही ते राखणारही नाही.

थोडे गणित

समजा, बोट १० मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद आहे. बुडाच्या क्षेत्रफळाचा ढोबळ अंदाज लांबी × रुंदी × ०.८५ या सूत्राने करतात. म्हणजे सुमारे २७ चौरस मीटर. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला तर ओल्या थराची जाडी ०.०१ सेंटिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन होते. रंगात निम्मे घनद्रव्य असेल तर वाळल्यावर ५० मायक्रॉन उरतात. दोन हात दिले की १०० मायक्रॉन. त्यासाठी ५.४ लिटर रंग हवा.

आता मालकाने काटकसर करून तोच लिटर १५ चौरस मीटरवर ओढला, तर दोन हातांची जाडी ६७ मायक्रॉनच भरते. रंग महिन्याला ५ मायक्रॉन झिजतो असे धरले, तर पहिला थर २० महिने आणि दुसरा साडेतेरा महिने टिकेल. रंगाचा एक तृतीयांश खर्च वाचला. पण बोट उचलणे, घासणे आणि रंगवणे हे सारे लवकर करावे लागले.

दुसरे गणित अधिक महत्त्वाचे. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१८ पासून हौशी बोटींच्या रंगातून तांबे सुटण्याची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला रोज ९.५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. २७ चौरस मीटर म्हणजे २,७०,००० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर एका बोटीमागे रोज सुमारे २.६ ग्रॅम आणि वर्षाला सुमारे ९४० ग्रॅम तांबे पाण्यात जाते. समुद्री जीवांच्या दीर्घकालीन सुरक्षिततेसाठी अमेरिकेत विरघळलेल्या तांब्याची मर्यादा लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम आहे. रोजचे तांबे या मर्यादेत राहील इतके विरळ करायला सव्वाआठ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी लागेल. ते मावायला २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर खोल तलाव हवा. एका बोटीला, दररोज!

विष जाते कुठे?

उघड्या समुद्रात एवढे पाणी सहज मिळते. बंदिस्त धक्क्यात मिळत नाही. सॅन डिएगो येथील शेल्टर आयलंडच्या धक्क्यात दोन हजारांहून अधिक हौशी बोटी दाटीने उभ्या असतात. तिथल्या पाण्यात दरवर्षी येणाऱ्या सुमारे २,१६० किलोग्रॅम तांब्यापैकी जवळजवळ सर्व या बोटींच्या रंगातून येते, असे हिशेबाने आढळले. २००५ साली तिथल्या जलनियंत्रण मंडळाने हे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट घातले. वरच्या आपल्या उत्तराला दोन हजारांनी गुणून पाहा. आकडा किती जवळ येतो ते दिसेल.

तांब्यापेक्षा कितीतरी जहाल अनुभव कथिलाच्या एका संयुगाने दिला. ट्रायब्युटिल टिन हे द्रव्य बहुवारिकाला जोडून केलेले रंग १९७० नंतर फार लोकप्रिय झाले. स्वतःच घासल्या जाणाऱ्या रंगाची कल्पना त्यांतूनच आली. पण फ्रान्समधल्या आर्काशाँ उपसागरात, जिथे हौशी बोटी आणि कालवांची शेती शेजारी शेजारी होती, कालवांची पिले वाढेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर शंखाच्या एका जातीतील माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली व त्या अंडी घालीनाशा झाल्या. यासाठी लिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे एक-दोन अब्जांश द्रव्यही पुरत होते. फ्रान्सने १९८२ साली आणि ब्रिटनने १९८७ साली लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सर्व जहाजांसाठीचा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. त्याच कराराखाली सायब्युट्रिन या शेवाळनाशकावरही १ जानेवारी २०२३ पासून बंदी आली.

मग रंगच लावू नये का? त्याचीही किंमत आहे. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या धक्क्यांत काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला सापडला. मूळचा मध्य अमेरिकेकडचा हा जीव आपल्या मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांतही पूर्वीच येऊन ठाण मांडून बसला आहे. डार्विनला तो हौशी बोटींच्या बुडाला चिकटून आला असावा असे मानले जाते. त्याला संपवण्यासाठी धक्के बंद करून पाण्यात क्लोरीन आणि तांब्याचे संयुग ओतावे लागले. बोटीचे बूड अस्वच्छ ठेवले म्हणून अखेर पाण्यातच विष घालण्याची पाळी आली.

तेव्हा ‘सर्वांत जहाल रंग’ आणि ‘रंगच नको’ ही दोन्ही उत्तरे टाळायला हवीत. गरज असेल तिथेच, गरजेपुतके तांबे, योग्य जाडीत, आणि खरवडलेला चुरा पाण्यात जाऊ न देता, हे शहाणपणाचे उत्तर आहे.

वर्गासाठी

खाडीकाठच्या शाळांना डेव्ही यांचा प्रयोग पुन्हा करून पाहता येईल. तांब्याच्या सारख्या आकाराच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्ही घासून स्वच्छ करा. एका पट्टीला भोक पाडून त्यात लोखंडी खिळा घट्ट ठोकून बसवा, म्हणजे दोन्ही धातूंचा चांगला संपर्क राहील. सोबत तेवढीच फरशीची चीप घ्या. तिन्ही नायलॉनच्या दोरीने, एकमेकांना न लागतील अशा बेताने, धक्क्यावरून ओहोटीच्या पाण्याखाली राहतील अशा टांगा. दर आठवड्याला शिक्षकांच्या देखरेखीखाली बाहेर काढून चित्र काढा आणि दिसणारे जीव मोजा. महिन्याभराने विद्यार्थ्यांना विचारा : कोणत्या पट्टीवर जीव जास्त बसले, कोणते तांबे अधिक चकचकीत राहिले, आणि या दोन उत्तरांचा एकमेकांशी काय संबंध आहे?